घरचा हिशेब : ट्रॅक्टरामागें पुढलें औत कोणतें?

कृष्णाकांठच्या एका एकत्र कुटुंबांतील वडील सूनबाईंचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र मोठें व्यवस्थित आहे. घरीं तिघे भाऊ. एक नोकरीनिमित्त पुण्यास, दोघे गांवीं. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि त्यानंतरच्या दोन वांटण्या इतक्या चाळणींतून गळून कुटुंबाकडे आज साडेतीन एकर जमीन उरली आहे. तींत एक एकर ऊंस, अर्धा एकर हळद, एक एकर सोयाबीन व त्यावर हरभरा, आणि राहिलेल्या एक एकरांत शाळू. दोन वर्षांपूर्वीं बैलजोडी मोडून चोवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतला; त्याबरोबर पांच फणांचा कल्टिव्हेटर आला. यंदा हळदीचे पैसे हातीं आले असून देणें वजा जातां एक लक्ष रुपये बाजूस निघतात. धाकटे दीर म्हणतात रोटाव्हेटर घ्यावा. यजमान म्हणतात ट्रॉली घ्यावी. सासूबाईंचें म्हणणें, बैल होते तेंच बरें होतें. "आपण शाळेंत त्रैराशिक व व्याज शिकवीत होतां, तेव्हां निवाडा आपणच करावा," असें सूनबाई लिहितात. अखेरीस मात्र त्या एक ओळ जोडतात: ह्याच रकमेंतून मुलीच्या वसतिगृहाचा पहिला हप्ता भरण्याचें ठरलें होतें, तें आतां मागें पडलें आहे.

माझ्या मतें सबंध पत्राचें मर्म त्या शेवटच्या ओळींत आहे. औत लोखंडाचें असलें तरी तें विकत घेतांना आपण लोखंड घेत नाहीं. घरांतल्या कोणाच्या तरी दुसऱ्या गरजेच्या बदल्यांत तें घेतों. म्हणून हा प्रश्न एकट्या भावजींचा नाहीं, सर्व घराचा आहे. आणि तो हौसेनें अगर चुरशीनें सोडविण्याजोगा नसून पाटीवर आंकडे मांडून सोडविण्याजोगा आहे. महाराष्ट्रांत सरासरी वहिवाट १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उतरली. तेव्हां ह्या घराची गोष्ट ती बहुतेक घरांची गोष्ट आहे.

नव्या औताविषयीं आपल्या भागाचा अनुभव मोठा बोधप्रद आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष पसरेल अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात, आणि पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० मध्यें औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तोच नांगर महाराष्ट्राच्या घरोघर गेला. त्या पिढीनें चांगल्या औतास उगाच भिऊन दोन वर्षें गमाविलीं. आपल्या पिढीचा दोष नेमका उलट आहे. शेजाऱ्याच्या बांधावर नवें यंत्र उभें राहिलें कीं तें आपल्या दारींही हवें, एवढेंच कारण आपणांस पुरतें. भीति व हांव ह्या दोन्ही हिशेबाच्या वैरिणीच होत.

पहिला विचार बळाचा. संस्कृतांत 'कृषिपराशर' म्हणून शेतीवरील एक जुना ग्रंथ आहे. त्यांत नांगराचीं आठ अंगें नांवानिशीं सांगितलीं आहेत. ईषा म्हणजे आपलें इसाड, युग म्हणजे जूं. ह्याच ग्रंथांत आठ बैलांचा नांगर हा धर्म्य, सहांचा व्यवहाराचा, आणि चारांचा निर्दय माणसाचा, असा अभिप्राय दिला आहे. त्यांतील दया बैलांकरितां असली तरी तत्त्व यंत्रासही लागू पडतें. ओढणाऱ्याच्या बळाहून औत मोठें असूं नये. रोटाव्हेटरापुरतें ढोबळ मानानें बोलावयाचें तर पंधरा ते वीस अश्वशक्तीस तीन फुटी, चोवीस ते तीसला चार फुटी, आणि पस्तीस ते पंचेचाळीसला पांच फुटी औत झेपतें. चोवीस अश्वशक्तीमागें पांच फुटी औत लावणें म्हणजे खोंडाच्या मानेवर दोन बैलांचें जूं ठेवणें होय.

दुसरा विचार जोडणीचा. आज ट्रॅक्टरामागें जी तीन बाहूंची जोडणी दिसते ती हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) ह्या आयरिश यंत्रज्ञाची देणगी. तत्पूर्वीं औत सांखळीनें ओढीत. फाळ दगडांत अडकला कीं ट्रॅक्टराचें तोंड वर उचललें जाई व हांकणाऱ्याच्या जिवावर बेते. फर्ग्युसननें दोन बाहू खालीं व एक वर लावून औत ट्रॅक्टराशीं एकजीव केलें. फाळास जमिनीचा जो विरोध होतो त्याचा भार मागच्या चाकांवर पडूं लागला, आणि चाकें घसरेनाशीं होऊन हलक्या ट्रॅक्टरानेंही जड काम होऊं लागलें. १९४६ मध्यें निघालेला त्याचा लहानसा करडा ट्रॅक्टर ह्याच युक्तीवर जगभर गेला. आपणांस ह्यांतून घेण्याजोगें एवढेंच कीं, औत पाहण्यास जातांना आपल्या ट्रॅक्टराच्या पिनांचें माप लिहून न्यावें. जोडणीच्या पहिल्या वर्गांत खालच्या पिना २२ व वरची १९ मिलिमीटरची असते. अगदीं लहान ट्रॅक्टरांत दोन बाहूंमधील अंतर कमी असतें. माप न घेतां आणलेलें औत पहिल्याच दिवशीं लोहाराच्या भात्यापुढें जाऊन बसतें.

तिसरा विचार मातीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कऱ्हाडापासून सांगलीपर्यंत नदीकांठची जमीन काळी, खोल व चिकण आहे. १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा निघाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. पण जिल्ह्याची शीव मातींत उमटली नाहीं. ही जमीन ओली असतां पायास लोण्यासारखी चिकटते आणि वाळली कीं तिचीं ढेंकळें कुऱ्हाडीनेंही फुटत नाहींत. ह्या दोहोंमधला जो वाफशाचा काळ, तो दोन-चार दिवसांचाच. रोटाव्हेटराचीं पातीं वरची चार-सहा इंच माती पिठासारखी भुसभुशीत करतात. पाहणारास मोठा आनंद होतो. पण दरवर्षीं त्याच खोलीवर तींच पातीं फिरलीं कीं त्याखालीं एक घट्ट थर बसतो. पाणी खालीं उतरत नाहीं, मुळें आडवीं पसरतात, आणि वरच्या पिठावर जोराचा पाऊस पडला कीं पापुद्रा धरून सोयाबीनचा कोंब आंतच गुदमरतो. ओल असतांना औत घातलें तर हा दोष दुप्पट होतो. म्हणून रोटाव्हेटर वाईट, असें मी म्हणत नाहीं. हळदीच्या गादीवाफ्यास माती मोकळी करणें, मोडलेल्या खोडव्याचीं ढेंकळें व धसकटें मातींत मिसळणें, ह्या कामांत त्यास तोड नाहीं. तो औषधासारखा प्रमाणांत घ्यावा, अन्नासारखा रोज घेऊं नये. आणि दोन-तीन वर्षांतून एकदां मोठ्या ट्रॅक्टराचा पलटी नांगर भाड्यानें आणून खोल नांगरट करावी; तो थर फोडण्याचें बळ चोवीस अश्वशक्तींत नाहीं.

आतां पाटी घेऊं. दर गांवोगांव निराळे असतात, म्हणून मी सूनबाईंनीं कळविलेलेच आंकडे घेतों. वाचकांनीं आपापले घालावे. चार फुटी रोटाव्हेटराचें दरपत्रक ९०,००० रुपयांचें आहे. आठ वर्षांनंतर त्याचे १०,००० येतील असें धरल्यास दरसाल घसारा १०,००० झाला. गुंतलेल्या रकमेची सरासरी ५०,००० धरून दहा टक्क्यांनीं व्याज ५,०००. पातीं, तेल, दुरुस्ती मिळून आणखी ५,०००. म्हणजे रोटाव्हेटर दारांत उभा असला तरी वर्षास २०,००० रुपये खातो. गांवांत भाड्याचा दर एकरीं १,८०० आहे. स्वतःचें यंत्र फिरविलें तरी इंधन व झीज मिळून ७०० पडतात. म्हणजे स्वतःच्या यंत्रानें एकरामागें बचत १,१०० ची. वीस हजारांस अकराशेंनीं भागा : अठरा एकरांहून थोडें अधिक काम निघालें तरच तोंडमिळवणी होते. ह्या घरचें रोटाव्हेटराचें काम कितीही ओढूनताणून मोजलें तरी वर्षास सात एकरांवर जात नाहीं. सात एकरांची बचत ७,७००. तेव्हां दरसाल १२,३०० रुपयांची खोट.

भावजी म्हणतील, "काका, उरलेलें भाड्यानें दुसऱ्याच्या रानांत चालवूं." हें बोलणें पोकळ नाहीं. पण त्याचाही हिशेब करावा. चार फुटी औत ताशीं तीन किलोमीटर वेगानें चाललें, आणि वळणें व थांबे ह्यांत तिसरा हिस्सा वेळ गेला, तर एक एकरास दीड तासाहून अधिक लागतो. गिऱ्हाईक बोलावतें तें नेमकें वाफशाच्या दिवशीं, जेव्हां आपलेंही रान वाट पाहत असतें. आणि त्याच दिवशीं मोठ्या ट्रॅक्टराचा सहा फुटी रोटर गांवांत फिरत असतो. म्हणून माझी अट अशी : खरेदीपूर्वीं भावजींनीं निदान बारा एकरांचें काम देणाऱ्या शेजाऱ्यांचीं नांवें, गट व क्षेत्र वहींत लिहून आणावें. वही भरली तर रोटाव्हेटर खुशाल घ्यावा. मी आडवा येणार नाहीं. न भरली तर तो भाड्यानें आणावा.

यजमानांच्या ट्रॉलीचें काय? ट्रॉलीसारखें उपयोगी वाहन नाहीं, हें खरें. शेणखत, कडबा, बेणें, घराचें बांधकाम, सर्वत्र ती लागते. परंतु ऊंस कारखान्याच्या तोडणीवाल्यांच्या वाहनांतून जातो, आणि राहिलेल्या खेपा सूनबाईंनीं मोजल्या तर वर्षास चौदा भरल्या. चौदा खेपांसाठीं एक लक्षाहून अधिक रुपये उन्हापावसांत उभे करणें परवडत नाहीं. शिवाय रस्त्यावर न्यावयाची तर तिची नोंदणी हवी, आणि मागें लाल चकचकीत पट्ट्या हव्यात. अंधारांत दिव्याविना उभी असलेली ट्रॉली किती घरांस दुःख देऊन गेली, हें सांगावयास नको.

सासूबाईंचें बोलणेंही हंसण्यावारीं नेऊं नये. बैल शेण देत होते, वेळेवर उठत होते, आणि त्यांच्या कामास डिझेल लागत नव्हतें. पण एका जोडीच्या वैरणीस जवळजवळ एक एकर गुंतत असे. तोच एकर आज शाळू देतो. ट्रॅक्टर उभा असतां खात नाहीं, हा त्याचा गुण. मात्र त्याचें व्याज उभ्या उभ्या खातें, हें विसरूं नये. शेणाची उणीव भरण्यास घरीं एक म्हैस वा गाय अवश्य राहावी.

मग घ्यावें काय? माझा नियम असा. ज्या कामाचा दिवस पुढें ढकलतां येतो, त्याचें औत भाड्यानें आणावें. ज्याचा दिवस ढकलतां येत नाहीं, त्याचें औत घरीं असावें. नांगरट चार दिवस उशीरां झाली तरी चालते; ती उन्हाळ्यांत असते. पेरणी चार दिवस चुकली तर ओल उडते. शाळवाचें तर सारें पीकच मागल्या पावसाच्या ओलीवर उभें राहतें. उंसाची बाळबांधणी व मोठी भरणीही अशीच; ऊंस कमरेएवढा झाल्यावर ट्रॅक्टर आंत शिरत नाहीं. म्हणजे घरीं हवीं तीं औतें दोन : सरी सोडणारा रेजर, आणि खत-बियाणें एकदम पेरणारें पेरणी यंत्र.

रेजराचें दरपत्रक १८,००० चें आहे. ऊंस, हळद, खोडवा, तिन्हींस तो चालतो. घेण्यापूर्वीं सरीचें अंतर ठरवावें. जुन्या तीन फुटी सरींत लहान ट्रॅक्टरही शिरत नाहीं. साडेचार फुटांची सरी धरली तर उंसांत व हळदींत तेंच अंतर ठेवून एकाच रेजरानें सर्व कामें उरकतात. पंख सरकते असावेत, आणि फाळाचें टोंक बदलतां येणारें असावें.

पेरणी यंत्राचे ४८,००० सांगतात. दहा वर्षें आयुष्य धरून घसारा ४,८००, सरासरी रकमेवर व्याज २,४००, किरकोळ ८००; एकूण वर्षास ८,०००. ह्या घरची पेरणी सोयाबीन, हरभरा व शाळू मिळून तीन एकर. भाडें वांचलें तरी एकरीं ८०० प्रमाणें २,४०० च वांचतात. एकट्यास तें परवडत नाहीं, हें स्पष्ट आहे. पण येथें आपल्या वाडवडिलांची एक रीत उपयोगी पडते. ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्याच्या बैलाशीं वारंगुळा करी. नांगरटीस माणसें कमी पडलीं तर इर्जिक घालीत. तोच वारंगुळा यंत्राचा करावा. तीन घरांनीं मिळून पेरणी यंत्र घ्यावें, प्रत्येकीं १६,०००. वर्षाचा बोजा प्रत्येकीं २,६६७ झाला, म्हणजे जवळजवळ तोंडमिळवणी, आणि वाफशाचा दिवस आपल्या हातीं राहिला तो निराळा.

कोणी विचारील, वाफसा एकाच दिवशीं आला तर तिघांनीं काय करावें? दीड-दीड फुटावर पांच ओळी पेरणारें यंत्र एका वेळीं साडेसात फूट रुंदी घेतें. ताशीं तीन किलोमीटर चाललें, आणि तिसरा हिस्सा वेळ वळणांत व बियाणें भरण्यांत गेला, तरी तासास एकराहून अधिक होतें. तिन्ही घरचें मिळून तीन-चार एकर सोयाबीन अर्ध्या दिवसांत आटपतें. वाफसा निदान दोन दिवस असतो. तरीही पहिला कोण, हें आधींच लिहून ठेवावें : एका वर्षीं पहिलें घर, दुसऱ्या वर्षीं दुसरें. ट्रॅक्टर ह्यांचा, तेव्हां इतर दोघांनीं इंधन व हांकणाराची मजुरी द्यावी. मोडतोड झाल्यास ज्याच्या रानांत झाली त्यानें अर्धा खर्च सोसावा, बाकी दोघांनीं मिळून अर्धा. चार ओळींचा हा कागद तिघांच्या सह्यांनिशीं देवघराच्या फडताळांत ठेवला म्हणजे पुढें शेजारधर्म बिघडत नाहीं.

ह्या दोन्ही औतांचा आणखी एक लाभ आहे. रोटाव्हेटर ट्रॅक्टराच्या मागील फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ. वर चालतो, साधें पेरणी यंत्र आपल्याच चाकानें बीं सोडतें व रेजर नुसता ओढला जातो. तो दांडा मिनिटास ५४० म्हणजे सेकंदास नऊ फेरे घेतो. सव्वादोन इंच जाडीच्या दांड्याचा घेर सात इंचांचा. तेव्हां एका सेकंदांत त्रेसष्ट इंच, म्हणजे साडेतीन हात कापड तो गुंडाळतो. पदर, उपरणें, ओढणी, मोकळे केस, कांहींही त्यास पुरतें, आणि ओरडण्यास अवकाश राहत नाहीं. भाड्याचा रोटर रानांत आला तरी दांड्यावर आवरण आहे किंवा नाहीं हें आधीं पाहावें, यंत्र बंद करून मगच पात्यांत अडकलेला पाला काढावा, आणि चहा घेऊन बांधावर आलेल्या मुलांस तेथूनच परत पाठवावें. पैशाची खोट भरून येते. ही येत नाहीं.

सरकारी साहाय्याविषयीं दोन शब्द. कृषि यांत्रिकीकरणाचें उपअभियान २०१४-१५ पासून चालू झालें. त्यांत लहान व अत्यल्प भूधारकांस, तसेंच महिलांस किंमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत व इतरांस ४० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेंत, अनुदान मिळण्याची तरतूद आहे. दोन हेक्टरांपर्यंतचा शेतकरी लहान गणला जातो. तेव्हां हें घर त्यांत बसतें. अर्ज महाडीबीटीवर सातबारा व आठ-अ घेऊन करावा. ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, पूर्वसंमतीचें पत्र हातीं येण्याआधीं खरेदी केल्यास अनुदान मिळत नाहीं. दुकानदार घाई करील, करूं द्यावी. आणि अनुदान मिळेल असें धरून हिशेब मांडूं नये; मिळालें तर तें वरकड समजावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या यंत्रांवरील वस्तु व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्यापूर्वींचें दरपत्रक असेल तर तें नव्यानें मागवावें.

आतां बेरीज. रेजराचे १८,००० व पेरणी यंत्राच्या वांट्याचे १६,००० मिळून ३४,००० खर्च. एक लक्षांतून ६६,००० उरतात. त्यांतून प्रथम मुलीच्या वसतिगृहाचा हप्ता भरावा. तो ठरलेला शब्द आहे, आणि घरांत दिलेला शब्द सावकाराच्या हुंडीहून कमी पवित्र मानूं नये. उरलेले आडसालीसाठीं बँकेंत ठेवावे. ह्या नदीकांठीं २००५, २०१९ व २०२१ सालीं पूर कसा आला हें कोणास आठवत नाहीं? पुरांत औत वाहून गेलें नाहीं तरी पीक जातें, आणि तेव्हां दारांतलें लोखंड भाकरी देत नाहीं. गांठीचे पैसे देतात.

भावजींनीं ह्यानें खट्टू होऊं नये. त्यांची हौस हीच ह्या शेतीची उमेद आहे. घरांत कोणीच औताकडे पाहिनासा झाला तर साडेतीन एकर टिकावयाचे नाहींत. त्यांनीं एक वही घालावी आणि वर्षभर प्रत्येक भाड्याच्या कामाची तारीख, क्षेत्र, दर व कितीं दिवस वाट पाहावी लागली, हें लिहावें. पुढल्या वर्षीं कोणतें औत घ्यावें, हें तीच वही मजपेक्षां चांगलें सांगेल. आणि ती वही महिन्यांतून एकदां, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, सूनबाईंसह सर्वांनीं एकत्र बसून वाचावी.